कोल्पोस्कोपी म्हणजे कोलोनोस्कोपी नाही हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायला कारण असं की आपल्या पेपरात आरोग्यावर बरंच काही येतं, शुगर, बीपी, गुडघे, डेंग्यू, पण कोल्पोस्कोपी या गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीबद्दल मी आजवर एक ओळ वाचली नाही आणि ती वाचलेली असती तर माझे गेल्या वर्षातले दोन महिने वाचले असते. मी सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत स्टोअरला आहे, वय ४३, दोन मुली. नाव छापू नका, घरातल्या माणसांचाही विषय आहे. पण पत्र छापा ही मनापासून विनंती.

मार्चमधे महिला दिनाला आमच्या कंपनीत लेडीज स्टाफसाठी कॅम्प होता. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन आणि ज्यांना करायची त्यांना पॅप टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासतात ती. बीपीला सगळ्या रांगेत, पॅपला आम्ही फक्त सात जणी. बाकीच्या म्हणाल्या आम्हाला काही त्रास नाही मग कशाला, आणि खरं सांगायचं तर मलाही काही त्रास नव्हता, अंगावरून जात नव्हतं, पाळी वेळेवर, केवळ शेजारच्या टेबलवरची म्हणाली चल म्हणून गेले. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, सगळा इंग्रजीत, त्यात खाली लिहिलेलं की लो ग्रेड बदल दिसतायत. मिस्टरांनी ते शब्द मोबाईलवर टाकले आणि पहिल्याच ओळीत कॅन्सर हा शब्द आला. त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही, मला कोणाशी भांडण करायचं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मला तपासलं पण नाही, विचारलं मुलं किती, म्हटलं दोन, तर म्हणाले मग पिशवीचं आता काय काम आहे, काढून टाका, कायमची कटकट जाईल. लगेच खर्चाचा आकडा, लगेच तारीख. आणि आम्ही हो म्हणून पण आलो होतो हो! कारण आपल्याकडे हे इतकं नेहमीचं झालंय. माझ्या नणंदेची पिशवी ३४ व्या वर्षी काढली, निफाडकडे असते ती, कारण काय तर अंगावरून पांढरं जायचं आणि कंबर दुखायची. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, हे तिला नंतर कागद बघून कळलं. आज ती ४१ ची आहे आणि जिना चढताना कठड्याला धरून चढते, अंगातून वाफा येतात, रात्र रात्र झोप नाही. २०१९ मधे बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय पेपरात किती गाजला, विधिमंडळात गाजला, सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हा वाचताना वाटायचं ते तिकडे, बीडला. तसं काही नाही, ते आपल्या घरातही आहे.

मला वाचवलं आमच्या गल्लीतल्या आशाताईंनी, म्हणजे आशा कार्यकर्तीने. त्यांचं ट्रेनिंग झालेलं. त्या म्हणाल्या वहिनी, नुसत्या पॅपच्या रिपोर्टवर कोणी पिशवी काढत नाही, मधे एक तपासणी असते, आधी दुसऱ्या मॅडमना दाखवा. दुसऱ्या मॅडमनी रिपोर्ट वाचला, आतून तपासलं, आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, कोल्पोस्कोपी, खाली तारीख. बाहेर पन्नास पेशंट बसलेले, काय असतं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता घरी आल्यावर काय झालं ते नीट वाचा, कारण हे माझ्या एकटीचं नाही. शेजारच्या काकांची मागच्या वर्षी कोलोनोस्कोपी झालेली, आतड्याची. काकू चिठ्ठी बघून म्हणाल्या अगं हीच ती, आदल्या दिवशी पोट पूर्ण साफ करावं लागतं, आमच्याकडे पावडरचं एक पाकीट उरलंय. काकूंनी मायेनेच दिलं, त्यांचा काही दोष नाही. मी ते दोन लिटर पाण्यात घालून प्यायले, रात्रभर बाथरूम, सकाळी चहासुद्धा न घेता सिटीलिंकच्या बसमधे उभी राहून गेले, शालिमारला उतरताना डोळ्यासमोर अंधारी आली. तिथे सिस्टरनी विचारलं, ताई चेहरा असा का झालाय, नाश्ता केला का? म्हटलं उपाशी आहे, स्कोपी आहे ना. त्यांनी कपाळाला हातच लावला. म्हणाल्या ताई, ही पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, आतड्याची नाही, हिला उपाशी राहायचं काही कारण नाही. आणि मग त्यांनीच कँटीनमधून चहा आणि दोन बिस्किटं आणून दिली.

एक दोन अक्षरांचा फरक! कोलोन म्हणजे मोठं आतडं आणि कोल्पो म्हणजे योनिमार्ग, मूळ ग्रीक शब्द. कोलोनोस्कोपीत नळी आत जाते, कोल्पोस्कोपीत दुर्बीण शरीरात जातच नाही, बाहेरच राहते. एवढं एक वाक्य चिठ्ठीवर मराठीत असतं तर?

आता ती तपासणी कशी असते ते सांगते, लाज बाजूला ठेवून सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. टेबलवर झोपवतात, पाय दोन्ही बाजूंच्या आधारावर ठेवायचे, डिलिव्हरीच्या वेळी ठेवतात तसे. कमरेवर चादर टाकतात. मग स्पेक्युलम, म्हणजे बदकाच्या चोचीसारखं ते, आत घालून योनिमार्ग उघडा ठेवतात, पॅपच्या वेळी घालतात तेच. हे गार लागतं आणि ताण बसतो, पण अंग सैल सोडलं, तोंडाने श्वास सोडत राहिलं की सहन होतं. समोर स्टँडवर दुर्बिणीसारखं मशीन, त्याला प्रखर लाईट, आणि बाजूला टीव्ही. त्यातून पिशवीचं तोंड कितीतरी पट मोठं दिसतं. त्या दिवशी मॅडमना जरा सवड होती, मी विचारलं मला बघता येईल का, त्यांनी टीव्ही माझ्याकडे वळवला. मी दोन मुलींना जन्म दिला पण माझ्या पिशवीचं तोंड मी ४३ व्या वर्षी पहिल्यांदा बघितलं, गुलाबी, गोल, मधे बारीक आडवी चीर, बाळंतपण झालेल्या बाईची चीर अशी आडवी असते म्हणे. मला का कोण जाणे डोळ्यात पाणी आलं.

आधी सलाईनच्या बोळ्याने पुसलं. मग ॲसिटिक ॲसिड लावलं, तीन ते पाच टक्क्यांचं, म्हणजे आपण किचनमधे वापरतो त्या व्हिनेगरमधे असतं तेच. वासही तसाच येतो, थोडं चुरचुरतं. लावून मिनिटभर थांबतात. आणि बघता बघता टीव्हीवर त्या गुलाबी भागावर एका ठिकाणी पांढरा डाग उमटला, दुधाची साय धरते ना तसा. मॅडम सिस्टरला म्हणाल्या लिहा, अकरा ते एक. घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा सांगतात त्या. मग लाईटचा रंग हिरवा केला, हिरव्या उजेडात बारीक रक्तवाहिन्या काळ्या, ठसठशीत दिसतात आणि त्यांची जाळी कशी आहे, ठिपके आहेत का, यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. मग आयोडीनचं पाणी लावलं. चांगली कातडी आयोडीन पिऊन गडद चॉकलेटी होते, ज्या भागात गडबड आहे तो पिवळट राहतो, मोहरीच्या रंगासारखा. माझा तो सायीचा भाग पिवळट राहिला.

पांढरं का होतं ते मी विचारलं, कारण मला वाटलं पांढरं म्हणजे झालंच. मॅडम म्हणाल्या ज्या पेशी बदललेल्या असतात त्यांच्यात केंद्रक मोठं, प्रथिनं जास्त, ॲसिड लागलं की ती तात्पुरती गोठल्यासारखी होतात आणि उजेड परत फेकतात म्हणून पांढरी दिसतात, थोड्या वेळाने रंग उतरतो. पण सूज असली, इन्फेक्शन असलं, जखम भरत असली तरी पांढरं होऊ शकतं. म्हणजे पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नाही. त्या डागातला तुकडा कुठून घ्यायचा हे कळावं म्हणून तर एवढी दुर्बीण. खरा निकाल बायोप्सीचा.

माझे दोन तुकडे घेतले, तांदळाच्या कणीएवढे. चिमटा काढल्यासारखं झालं आणि पाळीत येते तशी कळ आली, दोनच सेकंद. काहींना जास्त दुखतं, काहींना कळतही नाही, प्रत्येकीचं वेगळं. ज्यांना जास्त भीती वाटते त्यांनी आधीच सांगावं, जागा बधिर करता येते. सगळं मिळून पंधरा वीस मिनिटं. भूल नाही, ॲडमिट नाही, अर्ध्या तासाने मी उठून बसने घरी आले.

फक्त एक गोष्ट पुन्हा कोणी सांगितली नाही. तुकडा घेतल्यावर रक्त थांबायला एक औषध लावतात, त्यामुळे नंतर दोन तीन दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं जातं. रात्री ते बघून मी मिस्टरांना उठवलं, रिक्षा बोलवा म्हटलं. सिस्टरचा नंबर होता म्हणून बरं. त्या म्हणाल्या हे औषधाचं आहे, पॅड लावा आणि झोपा, मात्र पाळीपेक्षा जास्त लाल रक्त गेलं, ताप आला, घाण वास आला किंवा पोटात खूप दुखायला लागलं तर लगेच या. आणि डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस संबंध नको. आता मला सांगा, हे चार शब्द आधी सांगायला किती वेळ लागतो?

रिपोर्ट आठ दिवसांनी आला, सीआयएन वन. म्हणजे पेशींच्या थरात अगदी खालच्या एक तृतीयांश भागात बदल, तोही कॅन्सर नाही. याचे तीन टप्पे करतात, एक दोन तीन. पहिला टप्पा बऱ्याच बायकांमधे वर्ष दोन वर्षांत आपोआप जातो, म्हणून काही न करता लक्ष ठेवतात. दुसऱ्या तिसऱ्या टप्प्यात तेवढाच भाग काढतात किंवा जाळतात, लीप म्हणून एक पद्धत आहे, विजेच्या तारेच्या लूपने तेवढी चकती काढायची, नाहीतर थंड किंवा गरम करून तो भाग नष्ट करायचा. पिशवी जागेवर राहते. मला मॅडमनी सांगितलं वर्षाने परत या. मी ज्या ऑपरेशनला हो म्हणून आले होते त्याची गरज शून्य होती.

आणि याची दुसरी बाजू पण आहे, ती मला जास्त भीतीची वाटते. समजा एखादीला खरंच आत कॅन्सर सुरू झालाय आणि दुर्बीण न लावता, तुकडा न घेता सरळ साधं पिशवीचं ऑपरेशन केलं, तर ते कॅन्सरचं ऑपरेशन होत नाही. कॅन्सरच्या ऑपरेशनला बऱ्याचदा आजूबाजूचा भागही काढावा लागतो, कधी ऑपरेशन नाही तर रेडिएशन लागतं. मग अर्धवट काढल्यावर पुढची ट्रीटमेंट अवघड होऊन बसते. म्हणजे घाईने काढणं दोन्हीकडून वाईट, जिला गरज नाही तिचंही नुकसान आणि जिला आहे तिचंही.

आता घरातला विषय, ज्यासाठी नाव छापू नका म्हटलं. मॅडमनी सांगितलं हे बदल एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतात, तो संबंधांतून येतो. मिस्टर शेजारीच बसलेले. घरी येईपर्यंत ते गप्प आणि मी पण गप्प, दोघांच्या मनात एकच, कोणाकडून आला. चार दिवस आम्ही धड बोललो नाही. पुढच्या वेळी मीच धीर करून मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या हा व्हायरस इतका कॉमन आहे की संबंध येणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतो, बहुतेकांचा शरीर स्वतःच घालवतं, लक्षणं काहीच नसतात, आणि कित्येक वर्षं लपून राहून नंतर टेस्टमधे दिसू शकतो, त्यामुळे कोणाकडून आणि कधी हे कोणी सांगू शकत नाही आणि ते शोधायचंही नाही. हे मिस्टरांना ऐकवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि त्या दिवशी भाजी ते घेऊन आले. बाईच्या चारित्र्याचा सर्टिफिकेट म्हणून हा रिपोर्ट कोणी वाचू नये एवढं तरी छापाच. किती बायका याच भीतीने रिपोर्ट लपवत असतील.

या व्हायरसमुळे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो हे जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं, २००८ चं नोबेल मिळालं त्यांना. कोल्पोस्कोपी तर त्याहून कितीतरी जुनी, हान्स हिन्सेलमान या जर्मन डॉक्टरने १९२५ साली आणली. म्हणजे शंभर वर्षं झाली या दुर्बिणीला आणि नाशिकसारख्या शहरात, जिथे राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे माझ्यासारख्या बारावी शिकलेल्या बाईला ती आतड्याची तपासणी वाटते.

आकडे माझ्या मोठ्या मुलीने काढून दिले, ती फार्मसीला आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजाराच्या आसपास जातात. आणि केंद्र सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी एकदा तरी याची तपासणी केलेल्या किती, तर शंभरात दोन पण नाहीत, १.९. हा कॅन्सर व्हायरस शिरल्यापासून व्हायला साधारण पंधरा वीस वर्षं घेतो म्हणतात, ज्या बायकांची प्रतिकारशक्ती कमी आहे, एचआयव्ही वगैरे, त्यांना लवकर. पंधरा वर्षं दार वाजवत असतो तो, आणि आपण दार उघडून बघत नाही.

आणि हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय हो, लांब जायला नको. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटाच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात खेड्यापाड्यात सव्वा लाखाच्या वर बायका घेऊन अभ्यास केला, २००९ मधे छापून आला. ज्या गटाची एचपीव्ही टेस्ट फक्त एकदा केली, आणि पॉझिटिव्ह आलेल्यांची कोल्पोस्कोपी करून लागेल तिला ट्रीटमेंट दिली, त्या गटात या कॅन्सरने जाणाऱ्या बायका जवळपास निम्म्याने कमी झाल्या. शेतात राबणाऱ्या बायकाच होत्या त्या.

आमच्या आशाताई सांगतात की बायकांची खरी गळती पहिल्या तपासणीच्या आणि कोल्पोस्कोपीच्या मधे होते. सरकारी केंद्रावर ३० च्या पुढच्या बायकांची व्हिनेगरची तपासणी करायची असं ठरलेलं आहे, त्यात पांढरं दिसलं की पुढे जा म्हणून चिठ्ठी देतात. पण सुरगाणा, पेठची बाई द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी निफाडला मुक्कामी असते, छाटणीला नाहीतर काढणीला. तिला नाशिकला जायचं म्हणजे एक दिवसाची रोजंदारी गेली, सोबत कोणी पाहिजे, एसटीचं भाडं, आणि त्या चिठ्ठीवर एक न कळणारा शब्द. ती कशी येईल? मी शहरात राहून दोन महिने घोळ घातला, तिने काय करावं. म्हणून माझं म्हणणं आहे की आरोग्य विभागाने, महापालिकेने, प्रायव्हेट डॉक्टरांनी सुद्धा, एक साधा कागद मराठीत करावा आणि चिठ्ठीला पिन करून द्यावा. उपाशी यायचं नाही. पाळीचे दिवस टाळून या. आधी दोन दिवस संबंध नको, आत गोळी किंवा क्रीम ठेवायची नाही. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील तर आधी सांगा. दुर्बीण आत जात नाही. तुकडा घेतला तर काळपट जाईल, घाबरू नका. वाचता येत नसेल तिला सिस्टरने दोन मिनिटं वाचून दाखवावं. याला काय निधी लागतो? आणि जिथे शक्य आहे तिथे तालुक्याला ठरलेल्या वारी कोल्पोस्कोपीचा दिवस ठेवावा, बाजाराच्या वारी ठेवला तर अजून चांगलं, बायका बाजाराला तशाही येतात.

धाकटी माझी १३ ची आहे. तिला एचपीव्हीची लस दिली, पुण्यात सीरमने बनवलेली सर्व्हाव्हॅक, या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. आजी म्हणाली एवढ्या लहान पोरीला असली लस कशाला, तर मॅडमनी समजावलं की व्हायरस येण्याच्या आधी दिली तरच पूर्ण फायदा, म्हणून ९ ते १४. पण लस घेतली म्हणून पुढे तपासणी सोडायची नाही, लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीवर चालत नाही.

माझी एक वर्षाने होती ती टेस्ट गेल्या महिन्यात झाली, नॉर्मल आली. पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या निफाडच्या नणंदेची जाऊ आहे, ३८ ची, तिला संबंधानंतर लाल डाग दिसतात असं तिने मला फोनवर अगदी हळू आवाजात सांगितलं, गावातल्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलीय म्हणाली. मी तिला नाशिकला बोलावून घेतलं, मॅडमना दाखवलं, तिलाही तोच शब्द लिहून मिळाला. परवा गुरुवारी तिचा नंबर आहे. तिच्या चिठ्ठीच्या मागे मी पेनाने मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, पोहे खाऊन निघ, दोन पॅड पर्समधे ठेव, साडी नको, सैल ड्रेस घाल, आणि टीव्ही आपल्याकडे वळवायला सांग.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक